दीड फेरा

लावण्या: मामी, मी भांडायला आले नाही. एकच विचारते. उडी पुरी झाली होती का कमी पडली होती?

महालक्ष्मी: काल कागदावर लिहून दिलं ना गे मी. ‘कमी’ म्हणून.

लावण्या: लिहिलंत ते वाचलं. तुम्हाला दिसलं काय, ते विचारते.

कृष्णस्वामी: अगं, आधी पोरीला आत तरी घे. ओरत्तनाडूहून बस धरून आलेली दिसते, उन्हात उभी केलीस. ये बाळ, बस. तू कालची ती चाकांच्या बुटांवर नाचणारी ना?

लावण्या: हो मामा. लावण्या. स्केटिंग म्हणतात त्याला.

कृष्णस्वामी: आणि ही तुमची जज्ज! मी हिला सांगितलं होतं, तुला भरतनाट्यम् कळतं, चाकं कळत नाहीत, जाऊ नकोस. ऐकली नाही.

महालक्ष्मी: अहो, तुम्ही जरा गप बसा. स्पर्धावाल्यांना तिसरा जज्ज मिळेना, घरी येऊन बसले. नाचातलं कळतं तेवढं पुरे म्हणाले. हे बघ लावण्या, तू छान केलीस. हरिप्रिया थोडी जास्त छान केली, इतकंच.

लावण्या: हरिप्रिया दीड फेऱ्याची एकसुद्धा उडी मारली नाही मामी. अर्ध्या अर्ध्या फेऱ्याच्या सहा उड्या. त्या मी सातवीत असताना मारत होते.

महालक्ष्मी: पण काय सुंदर! हात, मान, डोळे, अस्की, सगळं जागच्या जागी.

लावण्या: तुमचीच शिष्या ती.

महालक्ष्मी: म्हणजे काय म्हणतेस?

लावण्या: मी काही म्हणत नाही. अम्मा म्हणते.

कृष्णस्वामी: काय म्हणते अम्मा?

लावण्या: घरचीच पोर, तिला झुकतं माप दिलं म्हणते.

महालक्ष्मी: अय्यो देवा! नऊ वर्षं येते ती माझ्याकडं, खरं आहे. पण तिला जास्त द्यावं म्हणून मनातसुद्धा आलं नाही माझ्या. नाही आलं.

कृष्णस्वामी: दोनदा कशाला सांगतेस?

महालक्ष्मी: तुम्ही गप बसा म्हटलं ना!

लावण्या: ऐका मामी. तीन जज्ज. त्रिचीचे सर ‘पुरी’ लिहिले. आमचे राममूर्ती पी.टी. मास्टर ‘कमी’ लिहिले. तुमच्यावर येऊन थांबलं. तुम्ही ‘पुरी’ लिहिलं असतं तर चेन्नैला राज्याच्या स्पर्धेला मी गेले असते. ‘कमी’ लिहिलंत म्हणून ती जाते. एकीलाच पाठवतात. पुढल्या वर्षी माझं वय बसत नाही. आणि नावं आज संध्याकाळी जातात.

कृष्णस्वामी: मग व्हिडिओ बघा की. आजकाल कोंबडी रस्ता ओलांडली तरी व्हिडिओ काढतात.

लावण्या: अम्मा काढलीय. हे बघा. इथून धावत येते... पुढं तोंड करून आता उडते...

कृष्णस्वामी: हे काय मध्येच हिरवं हिरवं?

लावण्या: शाल. प्रमुख पाहुणे उशिरा आले, त्यांना शाल पांघरत होते. माझे पाय शालीच्या मागं.

कृष्णस्वामी: शाबास! बरं, उतरलीस ना? पडली नाहीस ना? मग वाद कसला?

लावण्या: पडणं वेगळं मामा. दीड फेरा हवेतच पुरा व्हायला पाहिजे. चाक आधी टेकलं आणि उरलेला पाव फेरा जमिनीवर फिरून घेतला, तर उडी कमी. गुण कापतात.

कृष्णस्वामी: हां. पापनाशमला स्टेशनमास्तर होतो मी. इंजिन फलाटाला लागलेलं, शेवटचे दोन डबे बाहेर. गाडी आली का नाही? मी ‘आली’ म्हणून लिहायचो.

लावण्या: बर्फावर स्केटिंग करतात त्या बायकांचं बघितलंय का? तिथंसुद्धा हेच. एक बाई चार फेरे मारते, कशीबशी उतरते. दुसरी तीनच मारते, पण बघत राहावं असं. मग जगभर भांडण, कोण मोठी म्हणून. पण तिथं कॅमेरा आहे. चित्र थांबवून पाय बघतात. इथं मामी होत्या.

महालक्ष्मी: बरं, सांगते. तू उशिरा उतरलीस.

लावण्या: उशिरा म्हणजे?

महालक्ष्मी: समेच्या नंतर. सम होऊन गेली, मग तुझं चाक वाजलं.

लावण्या: ते तालाचं झालं. फेऱ्याचं?

महालक्ष्मी: ताल चुकला म्हणजे उडी चुकलीच ना गे?

लावण्या: नाही हो मामी! तालाचा रकाना वेगळा होता. तिथं शून्य द्या, मी तोंड उघडणार नाही. पाय टेकला तेव्हा तोंड कुणीकडं होतं माझं? फाटकाकडं का स्टेजकडं?

महालक्ष्मी: थांब. आठवू दे. तू धावत आलीस. निळा पोशाख. मी मांडीवर ताल धरला होता. चाळीस वर्षांची सवय, हात आपोआप चालतो. सहा, सात, आठ... आणि सम आली, तू आली नाहीस. मी हाताकडं...

कृष्णस्वामी: हाताकडं काय?

महालक्ष्मी: पाहिलं. माझंच बोट चुकलं का म्हणून खाली पाहिलं. मान वर केली तर ही उतरलेली.

लावण्या: म्हणजे तुम्ही पाहिलंच नाही.

महालक्ष्मी: ऐकलं ना. चाक उशिरा वाजलं ते नीट ऐकलं. उशिरा म्हणजे कमीच असेल म्हणून...

कृष्णस्वामी: अगं, उशिरा उतरली म्हणजे हवेत जास्त वेळ राहिली. मग फेरा जास्त व्हायला पाहिजे का कमी?

महालक्ष्मी: मला आणखी गोंधळात घालू नका हो! लावण्या, ऊठ. हॉल रिकामा आहे. इथं मारून दाखव.

लावण्या: अनवाणी? त्याचा काय उपयोग मामी? चाकावरची उडी वेगळी.

महालक्ष्मी: असू दे. एकदा मला बघू दे गे.

(लावण्या ओढणी कमरेला बांधते, चार पावलं धावते आणि उडी मारते. फरशी दणाणते.)

कृष्णस्वामी: पुरी!

महालक्ष्मी: कमी. नाही, थांबा. पुरी का? अय्यो, कळत नाही हो मला. डोळे फाडून पाहिलं तरी कळत नाही. तूच सांग गे. मारलीस तू, तुला कळलं असेल.

लावण्या: हवेत कळत नाही.

महालक्ष्मी: असं कसं?

लावण्या: खळ्यावर शिकले मी. भात वाळवायचं सिमेंटचं खळं आहे आमच्याकडं. कोच नाही, फोनवर बघून. कापणी झाली की खळं भातानं भरतं, मग बूट पेटीत. इतक्या वर्षांत जाणतं माणूस एकदासुद्धा बाजूला उभं राहून मला सांगितलं नाही, आता पुरी झाली म्हणून. कालची मला पुरी वाटली. पण मला तर रोजच पुरी वाटते. चेन्नै पाहिजेच मला, खोटं कशाला बोलू? पण त्याच्या आधी हे पाहिजे होतं. म्हटलं, मामी समोरच बसल्या होत्या, त्यांना ठाऊक असेल.

महालक्ष्मी: रडू नकोस गे.

लावण्या: रडत नाही. राग आलाय.

कृष्णस्वामी: अगं, लिहून दे तिला. दिसलं नाही म्हणून. त्यात काय आहे?

महालक्ष्मी: तुम्हाला सोपं आहे बोलायला. अस्की गाव म्हणेल, शिष्येला पुढं केली आणि पकडली गेली. आणि मी काय उत्तर देऊ? काल रात्रभर झोप नाही मला. हरिप्रिया हवेत असती तर मी बोटाकडं पाहिलं असतं का? मान खाली गेली असती का माझी? तिच्या वेळेला नाही गेली. हिच्याच वेळेला का गेली?

लावण्या: का गेली?

महालक्ष्मी: माहीत असतं तर सांगितलं नसतं का, बाळा, कण्णा!

कृष्णस्वामी: लिहून दिल्यावर पुढं काय होतं बाळ?

लावण्या: मामींचं मत रद्द. मग एकास एक. शंका असली तर उडी पुरी धरायची, असा नियम आहे.

महालक्ष्मी: म्हणजे तू जातेस.

लावण्या: जाते. पण उडी पुरी होती म्हणून नाही. कोणी पाहिली नाही म्हणून.

महालक्ष्मी: मग देणार नाहीस चिठ्ठी?

लावण्या: देणार मामी. मी एवढी शहाणी नाही.

महालक्ष्मी: आणा हो कागद. आपल्या घरच्या मराठीत लिहू?

कृष्णस्वामी: मराठीत लिहिलंस तर स्पर्धेचा सेक्रेटरी दूर राहू दे, आपला जावईसुद्धा वाचणार नाही. तमिळमध्ये लिही. मोठ्या अक्षरात.

महालक्ष्मी: ‘लावण्या हिची उडी उतरताना माझी नजर दुसरीकडं होती. मी दिलेलं मत पाहून दिलेलं नाही.’ एवढं पुरे?

लावण्या: पुरे. खाली सही.

महालक्ष्मी: झाली सही. घे. नीट घडी घाल.

लावण्या: हरिप्रियाला कोण सांगणार?

महालक्ष्मी: मीच. थोड्या वेळानं क्लासला येईल ती. लावण्याची उडी मी पाहिली नव्हती म्हणून सांगीन.

लावण्या: ती विचारेल मामी.

महालक्ष्मी: काय विचारेल?

लावण्या: मग माझ्या तरी पाहिल्यात का, म्हणून.

कृष्णस्वामी: अगं, बोल की. पाहिल्यास ना?

महालक्ष्मी: तालावर होत्या हो त्या. सहाच्या सहा तालावर होत्या.