मिटलेले डोळे

आई : काढ म्हणते ना तो फोटो भिंतीवरून.

लेक : अगं, आठवडासुद्धा झाला नाही लावून! आणि किती छान आलेत बाबा.

आई : छान आलेत, पण ते नव्हेतच हे. डोळे उघडे आहेत.

लेक : मग? माणसाचे डोळे उघडेच असणार की.

आई : तुझ्या बाबांचे फोटोत कधीच नसायचे. लग्नापासूनचे आल्बम काढून बघ. कुणी ‘हसा’ म्हटलं की यांच्या पापण्या खाली. तेव्हा रोल जपून वापरायचा, लगेच दुसरा काढायची चैन कुठली? आणि रोल धुऊन येईस्तोवर कळायचंही नाही.

लेक : म्हणूनच तर मोबाइलवर काढला. एकदा बटण दाबलं की तो भराभर पुष्कळ फोटो काढतो आणि डोळे उघडे असलेला चेहरा आपणहून आणून बसवतो.

आई : बसवतो? कुणाचा?

लेक : त्यांचाच गं. जरा आधीचा.

आई : तेव्हा ते कुणाकडे बघत होते?

लेक : पंख्याकडे बहुतेक. तो खडखडत होता ना.

आई : बघ! दुपारी जरा डोळा लागला की हल्ली हाच चेहरा येतो. पंख्याकडे बघणारा. माझा जुना येतच नाही गं. तो पुसला गेला तर मी काय करू?

लेक : आई, रडू नकोस ना. थांब, मूळचा फोटो मोबाइल टाकून देत नाही. आत ठेवतो. हा बघ.

(आई मोबाइल हातात घेऊन डोळ्यांजवळ धरते.)

आई : हं. हे आले.

लेक : डोळे गच्च मिटलेत आणि हसतायत किती! असं का करायचे गं?

आई : एकदा आमचा दोघांचा फोटो काढून झाल्या झाल्या चिडून विचारलं मी. आजवरच्या सगळ्या रोलची वाट लावलीत म्हटलं. तर म्हणाले, ‘तो कॅमेऱ्याचा फोटो. माझा मी आत काढून घेतो. तू कशी दिसत होतीस, विचार.’

लेक : विचारलंस?

आई : विचारलं की. कपाळावर आलेली बट, चुकीच्या काजात गेलेलं बटण, मागच्या पडद्यावरचं ऊन... सगळं सांगितलं. तो रोल धुऊन आल्यावर मी ताडून पाहिलं. तंतोतंत जुळलं.

लेक : उद्या हाच मोठा करून लावते. आता तू जरा खिडकीशी बस. तुझा एक काढते.

आई : थांब जरा.

लेक : आता काय?

आई : डोळे मिटू दे.