गोधडीतलं वासरू

कल्पना करा मुलांनो, ऐन एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या डाकोटाभर तीन दिवस हिमवादळ झालं. चौथ्या दिवशी गुरांच्या दवाखान्यात बसलेल्या मार्थाबाईंच्या कानावर शेजारच्या आजोबा-नातीचं बोलणं पडलं. नातीच्या पायाशी गोधडीत वासरू होतं.

"आजोबा, याची आई बर्फात गेली. आता दूध कोण पाजणार?"

"आपली रोझी. तिचं वासरू गेलंय ना."

"ती परक्याला लाथ मारते."

"तिच्या वासराचं कातडं याच्या पाठीवर बांधू. गाय वासानं ओळखते, ब्रिटा."

"म्हणजे फसवायचं तिला?"

"दोन दिवस. मग तिच्या दुधाचाच वास याला लागतो."

"पण हे तीन रात्री माझ्याजवळ झोपलंय. याच्या अंगाला माझाच वास लागलाय."

"तेही खरंच."

ब्रिटानं वासराच्या कपाळाकडे नेलेला हात मागे घेतला आणि खिशात घातला.