चंद्रीची बांग

धुडकू : मी इळा खाले ठेवाव नहीं. मगनदादा, तुम्ही ढोरना दवाखानामां कंपाउंडर व्हतात, ढोरनं बोला. हाई मन्ही कोंबडी शे.

मगनदादा : कोंबड्याही आमच्याच दवाखान्यात यायच्या. गुलाब, आधी डोळे पूस. काय झालं?

गुलाब : चंद्रीनं पहाटे बांग दिली. अगदी कोंबड्यासारखी. आजोबा म्हणतात, कोंबडी आरवली की घरचा कर्ता मरतो.

धुडकू : अन् घरना कर्ता मी. लढाईमुये रॉकेल भेटस नहीं, त्यामां आते हाई. मेव्हनाले जेवाले बलायेल शे, इलेच कापस.

मगनदादा : गुलाब, अंडी कधीपासून बंद?

गुलाब : पोळ्यापासून. तुराही वाढलाय.

मगनदादा : मग ती आजारी आहे. झाडावर मिरची आधी कशी असते?

गुलाब : हिरवी. मग लाल होते.

मगनदादा : शरीरातही तसंच. चरबीपासून शरीर आधी नराचा रस करतं. तोच पुढं पिकला की मादीचा होतो. साहेबांच्या पुस्तकात त्यांना हार्मोन म्हणायचे. चंद्रीच्या पोटात डावीकडं अंडाशय आहे, तिथं ही मिरची पिकायची. ते बिघडलं. मग उजवीकडची निजलेली गाठ जागी झाली. तिच्यात मिरची हिरवीच राहते. म्हणून तुरा, म्हणून बांग.

धुडकू : मंजे मादी पिकेल अन् नर कवळा?

मगनदादा : गुलाबची आजी असती तर हेच म्हणाली असती. आणि थोडी लाल मिरची तुझ्यातही होते. प्रत्येक गड्यात होते.

धुडकू : मन्हामां? मी एकला खोंड आवरस.

मगनदादा : खोंडाला नाही सांगत मी.

गुलाब : आणि बाईत हिरवी राहते? आजीला म्हातारपणी मिशा आल्या होत्या.

मगनदादा : त्याच कारणानं. लाल कमी पडली की हिरवी दिसायला लागते.

गुलाब : आजोबा, मग आजीसाठी तुम्ही विळा नाही काढला?

धुडकू : तुन्ही आजीपुढे? तिनाच हातमां ऱ्हाये इळा.

(गुलाब हसते, पण कोंबडीला पोटाशी धरूनच.)

मगनदादा : दे तो विळा इकडे.

धुडकू : दादा, तुमनं खरं व्हई. पन खोटं निंघनं तर? हाई पोरले माय नहीं, बाप नहीं. मी गऊ तर ती कोनाकडे जाई?

मगनदादा : म्हणून घाबरलास होय.

धुडकू : घ्या इळा. मेव्हनाले कोंबडीना बदले दाय-भात खावाडस. पन सकाय तिनी बांग दिधी का, तुम्ही एक डाव या. मी उठनू का नहीं, तितलं देखी जा.

मगनदादा : येतो. दाराला कडी लावू नकोस.