अर्धा तास शांत पडायचं

—नाही हो, तुम्ही नका बोलू! सिस्टरनं काय सांगितलंय? अर्धा तास पडायचं, हलायचं नाही, बोलायचं नाही, मनात काही आणायचं नाही, मग ती आत नेऊन नाकाला चिमटा लावणार आणि तोंडात नळी देणार. तुम्ही आपल्या पडून राहा, मी बोलते. मतलब, मनाई मलाही आहेच — पण माझी ही तिसरी वेळ, मी आता या खाटेची जुनी भाडेकरू. तुम्ही आपल्यातल्याच ना? मंगळसूत्राच्या दोन वाट्या बघितल्या आणि म्हटलं, चला, जयपुरात उपाशीपोटी का होईना, मराठी बोलायला कुणीतरी मिळालं. मान हलवलीत तरी चालेल. हां. तेवढं पुरे.

घाबरू नका, मशीन काही करत नाही. नुसता आपला श्वास मोजतं — एक पिंप असतं, ते वरखाली होतं, आणि एक लेखणी कागदावर रेघ ओढत जाते. त्या रेघेवरून म्हणे कळतं, शरीराची भट्टी किती पेटलीय. माझी विझत आलीय असा डॉक्टरांना संशय. मी म्हणते, पेटली कधी होती? मे महिन्यात — जयपूरचा मे हो — लोक अंगणात पाणी शिंपडून खाटा टाकतात आणि मी शाल पांघरून बसलेली. दूधवाला भैया विचारतो, बाईजी, बुखार है क्या? भुवया बघा, टोकाला उरल्याच नाहीत. वजन नुसत्या हवेवर वाढतं. आवाज असा घोगरा की दाराआडून बोलले तर लोक ‘साहब’ म्हणतात. आणि झोप — झोपेचं काय सांगू? डाळ निवडता निवडता लागते. एकदा हळदीकुंकवाला गेले तर तिथेच, बनीपार्कात, कुलकर्णीणबाईंच्या दिवाणखान्यात, हातात खिरापतीची वाटी धरून झोपले. त्यांनी बिचारीनं अंगावर चादर घातली आणि बाकीच्या बायका कुजबुजत कुंकू लावून गेल्या. मलाही लावलं म्हणे. मला पत्ता नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं असताना मशीनला कळत का नाही? दोनदा काढलं, दोनदा नॉर्मल! तीच तर गंमत. डॉक्टर म्हातारे आहेत, समजावून सांगतात. म्हणाले, गळ्यातली एक ग्रंथी आहे ती झोपलीय असं मला वाटतं, पण मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारख्या आणखी दोन बसलेल्या असतात, त्या भीतीच्या. माणूस घाबरलं की त्या कामाला लागतात, छाती धडधडवतात, पहाटेपासून डोळे टक्क उघडे ठेवतात. तुमच्या त्या रात्रंदिवस चालू आहेत, बाई. त्यांच्या धावपळीनं श्वास वाढतो, रेघ वर जाते आणि झोपलेलीचं झोपणं लपतं. आधी त्यांना गप्प करा, मग मी गोळी देतो — आत्ताच दिली तर काळीज फाटेस्तोवर धावेल. म्हणजे माझ्या एकटीच्या अंगात एक ऑफिस आहे बघा, अर्धे पेंगतायत आणि अर्धे फायली घेऊन पळतायत, आणि कामाचा कागद म्हणून एक हलत नाही. मला विचारलं, तुम्हाला कशाची भीती वाटते? मी म्हटलं, छे, कशाची! आणि नाडी हातात होती ना त्यांच्या.

उठू नका, उठू नका, अजून वीस मिनिटं आहेत. भिंतीवर घड्याळ आहे, पण ते बघायचं नाही, बघितलं की छातीची धडधड वाढते. मी बघतेच.

खरं सांगू? मला आजार हवाय. हसू नका, पोट हलतंय तुमचं. लोक इथे काही निघू नये म्हणून नवस बोलतात आणि मी म्हणते, निघू दे रे देवा, गळ्यात काहीतरी निघू दे. कागदावर लिहून येऊ दे, इंग्रजीत, खाली सही-शिक्का. म्हणजे मी आळशी नाही असं होईल. नाहीतर काय उरलं? नुसती मी उरले. आणि आजार मला माझ्यासाठी नकोय हो — ह्यांच्या हातात द्यायचाय. हे बाहेर व्हरांड्यात बसलेत, रजा काढून, तिन्ही वेळा. विमा ऑफिसात आहेत, सत्तावन्न साली बदली होऊन आलो आम्ही मिरजेहून. सासूबाई तिकडेच राहिल्या, धाकट्या दिरांकडे.

आल्याला वर्षही झालं नव्हतं. दुपारचे दोन. मी अशीच लवंडलेली. आणि दाराची कडी वाजली. खूप वाजली. तुम्हाला सांगते, मी ऐकली — झोपेत नव्हे, नीट ऐकली. म्हटलं, उठते हं, उठतेच आता. पाय हलले नाहीत. वाटलं, भंगारवाला असेल, असेल कुणीतरी, परत येईल. आला की परत. दुसऱ्या दिवशी सकाळी, हे घरात असताना. तारवाला होता. आई अत्यवस्थ, ताबडतोब निघा. आणि तो ह्यांच्यासमोर म्हणतो, कल दोपहर भी आया था साहब, बहुत कुंडी बजाई. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि माझ्या तोंडातून — मी ठरवलं नव्हतं हो, शपथेवर सांगते — तोंडातून निघालं, मी गोविंददेवजीच्या दर्शनाला गेले होते.

हे मिरजेला पोचले तेव्हा स्मशानातून परतणारी माणसं त्यांना रस्त्यात भेटली. अग्नी दिरांनी दिला. सासूबाई शेवटपर्यंत विचारत होत्या, नंदू आला का. एक दिवस मिळाला असता तर—

परत आले आणि मलाच म्हणाले, देवाच्या दारात होतीस, तुझा काय दोष? तेव्हापासून दर गुरुवारी स्वतः जातात दर्शनाला. मला प्रसाद आणून देतात. मी तो पेढा कसा गिळते ते माझं मला माहीत. चार वर्षं ठरवतेय, सांगायचं. पण नुसतं सांगायचं कसं? म्हणून म्हटलं, आजार निघू दे, मग कागद पुढे ठेवीन आणि म्हणेन, बघा, मी नव्हते झोपले, माझी ग्रंथी झोपली होती. आणि सांगितलं नाही म्हणून भीती, भीती आहे म्हणून रेघ वर, रेघ वर म्हणून आजार नाही, आजार नाही म्हणून सांगायचं नाही. आहे की नाही अक्कल?

काय झालं? डोळे का उघडलेत? मान कशाला हलवताय — काय नाही? मी गेले नव्हते, तेच तर सांगतेय. ते नाही? मग? देऊळ... देऊळ काय? हाताची अशी खूण — बंद? दुपारी? अहो, देऊळ कसं बंद असेल, आमच्या मिरजेत तर— हात तोंडाशी — भोग? भोग झाला की? थेट संध्याकाळपर्यंत? देव झोपतो?

देव झोपतो. दुपारी दोनला. आणि त्याला कुणी आळशी म्हणत नाही.

नाही, मला नव्हतं माहीत. नवीन होतो ना आम्ही. आणि नंतर मी पाऊलच टाकलं नाही तिकडे, तोंड कुठलं घेऊन जाणार? पण हे जातात. दर गुरुवारी. म्हणजे ह्यांना — पहिल्याच गुरुवारी कळलं असणार. दारावर वेळा लिहिलेल्या असतात? असतात ना. चार वर्षं. आणि तेव्हापासूनच रोज दुपारी सायकल मारत घरी येतात जेवायला, डब्यातली पोळी गार होते म्हणे. मी किती वेळा बोलले त्यांना, एवढ्या उन्हात पोळीसाठी कसला हट्ट! गारच खातात की आल्यावर. आधी पलंगाशी येऊन उभे राहतात, मी जागी आहे का बघतात, मग हात धुतात.

आणि तो पेढा हातावर ठेवताना एकदाही — एकदाही काही म्हणाले नाहीत हो.

आले, आले, सिस्टर. हा घ्या हात. कितनी है? एकशे बारा? हो, बोलत होते मीच, ह्या नाही बोलल्या, ह्या अगदी गप्प होत्या. आज मशीन नहीं? अगले मंगल को? नको, मंगळवार नको, डॉक्टरसाहेबांना म्हणावं, मी निरोप पाठवीन.

तुम्ही मिटा डोळे, बाई, आता तुमचाच नंबर. माझी चप्पल कुठंय? ह्यांना आजच सांगते. घरी नाही, टांग्यातच सांगते. घरी पोचले की मला झोप लागते.