शेजारी कोण झोपतं?

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती आपल्या डॉक्टरीणबाई, या निद्रा विभागातले सर्व कर्मचारी, आणि समोर बसून जागं राहण्याचा प्रामाणिक प्रयत्न करणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो,

एरवी सभेत श्रोता पेंगला की वक्त्याचा अपमान होतो. इथे तसं नाही. इथे कोणी पेंगला तर तो या विभागाचा जुना पेशंट आहे एवढंच समजायचं, आणि मान फारच कलली तर बाजूच्याने हळूच सरळ करायची.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी बाईंना ज्ञानाचा सागर म्हटलं. एकांनी तर मातृहृदयी म्हटलं. ते कधी गोळ्यांची चिठ्ठी मागायला बाईंकडे गेलेले दिसत नाहीत. मी शिवणकाम करणारी बाई, माप घेतल्याशिवाय कात्री लावत नाही. माझ्या मापाने आपल्या बाई खडूस आहेत, हट्टी आहेत आणि लोकांच्या अंथरुणात नाक खुपसणाऱ्या आहेत. त्यांचे उपकार मानायला मी उभी आहे ते याच गुणांसाठी.

बाईंचा नियम तुम्हाला माहीत आहे. पेशंटचं एकट्याचं ऐकायचं नाही. घोरणारा माणूस शपथेवर सांगतो की मी घोरत नाही. बिचारा खोटं बोलत नाही, तो त्या वेळी हजरच नसतो. म्हणून पहिल्याच भेटीत बाई विचारतात, "शेजारी कोण झोपतं? त्यांना घेऊन या."

आता तिसऱ्या रांगेत छताकडे बघत बसलेले जे गृहस्थ आहेत, ते आमचे ड्रायव्हरसाहेब. शहरात बस चालवायचे. एकदा सिग्नलला त्यांचा डोळा लागला, मागच्यांनी हॉर्न वाजवले, तर साहेबांनी उठून त्यांनाच शिव्या घातल्या. डेपोने बस काढून घेतली आणि सांगितलं, बाईंची सही आणा, मग गाडीला हात लावा. बाईंनी त्यांना डोक्याला तारा चिकटवून इथे झोपवलं आणि तपासून सांगितलं, झोपेत तुमचा श्वास थांबतो. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मग नेहमीचा प्रश्न विचारला.

साहेबांची पत्नी तेव्हा वारलेली होती. दुसरा असता तर म्हणाला असता, शेजारी कोणी नाही. साहेबांनी घरी येऊन माझं दार वाजवलं.

"वहिनी, डॉक्टरांनी तुम्हाला बोलावलंय."

"मला? मी काय केलं?"

"शेजारी कोण झोपतं विचारत होत्या. शेजारी तुम्हीच झोपता ना."

चूक कुठे आहे सांगा बघू. मी गेले. बाईंनी मला समोर बसवलं आणि विचारलं, "हे रात्री लाथा मारतात का?" मी म्हटलं, मला मारून तर बघू देत. "कोणत्या कुशीवर जास्त घोरतात?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी म्हटलं, "बाई, मी भिंतीच्या पलीकडे असते." बाईंनी पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ खिडकीकडे बघत राहिल्या. खांदे मात्र हलत होते. मग विचारलं, "ऐकू येतं का?" मी म्हटलं, मांडणीतली भांडी वाजतात. "मग चालेल," म्हणाल्या, "साक्षीदार पक्का आहे."

साहेबांना झोपेत श्वास चालू ठेवणारं मशीन मिळालं. नाकावर मास्क, मास्कला नळी. साहेबांनी विचारलं, "बरा कधी होईन?" बाई म्हणाल्या, "होणार नाही. हा आजार घरातल्या खाष्ट सासूसारखा असतो, रोज सांभाळायचा. सांभाळलात तर तीही सुखात, तुम्हीही." मास्क गळतो का, पट्टा सैल झाला का, नळी धुता का, वजन किती वाढवलंत, दर खेपेला तेच प्रश्न, आणि उत्तरं मी द्यायची. पट्टा गालाला काचायचा, म्हणून मी त्याला मऊ कापडाची पट्टी शिवली. पहिली उलटी शिवली होती. साहेबांनी महिनाभर तशीच वापरली आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही.

भिंत शांत झाली, साहेबांना बस मिळाली, आणि माझी झोप उडाली. हसू नका. आवाज असताना माणूस जिवंत आहे हे तरी कळत होतं. आता शांत आहे म्हणजे मास्क लावलाय, की श्वासच थांबलाय? मी भिंतीवर टकटक करायची, ते झोपेतून उठून उलट टकटक करायचे. सकाळी दोघांचेही डोळे तांबारलेले. शेवटी मीही बाईंची पेशंट झाले. त्यांनी गोळी दिली नाही. म्हणाल्या, पलंगावर पडून काळजी करायची नाही, झोप आली की जायचं, नाही आली की उठायचं, सकाळी मात्र ठरल्या वेळी पाय जमिनीवर. आणि मला विचारलं, शेजारी कोण झोपतं? मी कोणाला नेलं असेल, ते सांगायला नको. एव्हाना ते मला वहिनी म्हणायचे बंद झाले होते. नुसतं 'अहो' म्हणायचे.

अध्यक्ष महोदय घड्याळ बघताहेत, म्हणून मुद्द्यावर येते. साहेबही नुकतेच निवृत्त झाले. बाईंच्या निरोपाचं कळलं तेव्हा म्हणाले, "आता बस नाही, सही लागत नाही, बाईही नाहीत. मशीन माळ्यावर टाकतो." गरज सरो वैद्य मरो म्हणतात, पण इथे वैद्य ठणठणीत आहे आणि मरायची घाई पेशंटला झाली आहे. मी समजावलं, चिडले, दोन दिवस बोलले नाही. काही उपयोग नाही. झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला नाही. आत्ता बघा, डोळे मिटून बसलेत.

तर साहेब, सोंग घेतलेल्याला ऐकू येतं, म्हणून चारचौघांत सांगते. मला भीती वाटते. सही डेपोला लागत होती, तुमचा श्वास मला लागतो. माझा नवरा असाच झोपेत गेला, मी शेजारीच होते आणि मला कळलं नाही. पुन्हा तसं व्हायला नको आहे. आणि भिंतीला कान लावून राहायचंही माझं वय उरलेलं नाही. आपल्या दोन खोल्यांमधल्या भिंतीत दार पाडायला मी गवंडी ठरवला आहे. घरमालकाने हो म्हटलंय. तुमचं विचारायचं राहिलं होतं.

बाई, तुमचा निरोप समारंभ आणि मी माझंच गाऱ्हाणं मांडलं. पण तुम्हीच लावलेली सवय आहे. तुम्हाला भरपूर आणि गाढ झोप लाभो. बोलायची संधी दिली त्याबद्दल आयोजकांची आभारी आहे. अधिकउणं बोलले असेन तर सभागृहाने मोठ्या मनाने पोटात घालावं. तिसऱ्या रांगेने मात्र पोटात घालू नये, डोळे उघडावेत आणि उत्तर द्यावं. मी खाली उतरते आहे, बाजूची खुर्ची रिकामी करा.