बापासाठी राखलेली मिशी

झुंझुनूच्या बसस्टँडमागच्या सलूनमध्ये गोरधन आपल्या पाळीची वाट बघत बसला होता. खुर्चीतल्या अनोळखी तरुणाचं डोकं भादरून झालं, आणि न्हाव्याचा वस्तरा त्याच्या ओठावर येऊन थबकला.

"मिशीही उतरवायची?"

"वडील गेलेत, काका. उतरवावीच लागणार. गावात चारचौघांसमोर काढवेना, म्हणून इथं आलो."

"झोकदार आहे रे! जिवावर येतंय."

"त्यांच्यासाठीच राखली होती. सहा वर्षांपूर्वी जयपूरला इस्पितळात नर्स म्हणून लागलो. मास्क घट्ट बसावा म्हणून मिशी काढली."

"बाप जिवंत असताना?"

"तेच म्हणाले ते. 'आधी बायकांचं काम धरलंस, आता मिशीही काढलीस. म्हणजे तुझ्या लेखी मी मेलोच.' तेव्हापासून अबोला."

"काम तरी काय असतं तुझं?"

"म्हाताऱ्यांना अंघोळ घालायची, कूस बदलायची, घास भरवायचा. लोकांच्या बापांचं सगळं केलं मी."

"आणि स्वतःच्या?"

"घराची पायरी चढू देत नव्हते. शेवटी मास्क लागत नाही असा वॉर्ड मागून घेतला, चार महिने मिशी वाढवली. होळीला दाखवायला येणार होतो."

"मग? पाहिली त्यांनी?"

"मी पोचलो, तेव्हा त्यांना तिरडीवर बांधत होते."

गोरधननं वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

"डोळे मीट, पोरा. चटकन उरकतो."

"थांबा, काका. आरशात जरा बघू द्या. आत्ता अगदी तेच दिसतायत."