ताईचा हात

हॅलो?… हो, मीच. जिवंत आहे, ओरडू नकोस.

कसला आवाज काय? खाली आलेत ते. तीस-चाळीस जण. दुकानांच्या काचा फोडून झाल्या, आता जिन्यात आहेत. वॉचमनचं डोकं फोडलं गं… पहारीनं. माझ्या डोळ्यांदेखत.

पोलीस? तासाभरापूर्वी ‘निघालोच’ म्हणाले.

अगं ऐक ना! मी नकोय त्यांना. तुझ्या भावोजींना शोधतायत. खाणवाल्यांविरुद्ध साक्ष दिली ना त्याने. आणि हे साहेब आज डोंगरावरून जीप घेऊन खाली उतरणार. पुलावर टायर पेटवून वाट बघतायत त्याची… मोबाईल? तिथे रेंज असती तर तुला कशाला छळलं असतं? चारला तो जीपमधला वायरलेस लावून बसतो. दहा मिनिटं. मग निघतो.

आमचा सेट पहिल्याच दगडात गेला. त्याचा जुना तुझ्या माळ्यावर आहे ना, हिरव्या पिशवीत? घे आणि गच्चीवर पळ… दुखू देत गुडघे!

पोचलीस? तार उलगड. टोकाला कुलूप बांध आणि टाकीपलीकडे फेक… अडकलं? परत फेक. हो, हो, उंच हवी… थांब! तार सेटला जोडल्याशिवाय कळ दाबू नकोस, जळेल सगळं. जोडलीस? बॅटरी? दिवा लागला?… देव पावला.

एक मिनिट…

काही नाही. दारावर कुऱ्हाड घालतायत. कपाट सरकवलंय मी. बाबांचं लोखंडी. टिकेल.

आकडा फिरव. सात, शून्य, तीन, शून्य. माईक नाही त्या सेटला, कळीवरच मोर्समध्ये हाक मार त्याला… येत नाही म्हणजे? तारमास्तरांची लेक ना तू? पट्ट्या खाऊन शिकलोय दोघी. हळू… हळू… घाई नको.

आला? फोन जवळ धर… तोच! तोच गं!

कळव, खाली उतरू नकोस, माघारी जा… काय विचारतो? मी कुठे? सांग, तुझ्याकडे आहे म्हणून… अगं खोटं तर खोटं! मी इथे अडकलेय कळलं तर तसाच धावत येईल, आणि त्या पुलावर तुकडे करतील त्याचे.

काय? मलाच कळीवर बसव म्हणतोय?

संशयी मेला. माझा हात ओळखतो तो. आवाज ओळखावा तसा. शेवटचा ठोका मी उगाच लांबवते, वीस वर्षं चिडवतोय.

ऐक. मी शीळ घालते, तू कळ दाब. अक्षरं लावत बसू नकोस. आखूड ते आखूड, लांब ते लांब, माझ्याबरोबर. मी थांबले की थांब… ओठ कोरडे पडलेत. हं. घे…

…

नाही, ती गोळी नव्हती, बिजागरी तुटली. मध्ये बोलू नकोस. घे…

…

झालं. काय म्हणाला?… वळतोय? नक्की? अक्षर न् अक्षर वाच… हं… ‘शीण आला का, हात कापतोय तुझा’? कापेल नाहीतर काय, मेल्या!

रडत नाहीये. धूर आहे. थांब, फळी फुटली, एकाचा हात आत आलाय…

…

चिरला. सुरीनं. मग काय करू, चहा विचारू? केवढं रक्त गं… केवढा ओरडतोय.

नाही, मागे दार नाही. चौथा मजला आहे.

ऐक ना. तो सहाला परत विचारेल. उद्याही. तेव्हा तूच बस कळीवर, मी म्हणून. जमलाय तुला आता माझा हात. पलीकडच्या गावात, चार माणसांत पोहोचेपर्यंत त्याला काही कळू द्यायचं नाही. नाहीतर फिरेल तो माघारी… हो म्हण… नुसती रडू नकोस, हो म्हण ताईला.

शहाणी माझी.

आता मी फोन ठेवते… नको. पुढचं तू ऐकायचं नाहीस.

ठेवते गं.